अपघाताच्या दाव्यात दवाखान्याचा प्रवास खर्च कसा मागायचा: वही, तिकीट आणि तारखांचा मेळ

दाव्याच्या अर्जात ‘प्रवास खर्च रु. ५०,०००’ अशी एकच ओळ असते. पाठीमागे कागद नसतो, फेऱ्यांचा हिशोब नसतो. मग निकालात त्या ओळीसमोर पाच-सात हजार लिहून येतात आणि माणूस म्हणतो, ‘माहे तं गाडीभाड्यातच चाळीस हजार गेले ना भाऊ!’ गेले असतील. पण दाखवले नाहीत.

गावाकडून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला आणि तिथून नागपूरच्या मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात), सेवाग्रामला नाहीतर सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात जाणाऱ्या पेशंटचा औषधापेक्षा प्रवासावरच जास्त खर्च होतो. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन योजनेतून होऊन जातं, गाडीवाला मात्र रोख घेतो. तरी लोक औषधाची बिलं जपतात आणि तिकिटं बसमधून उतरताना फेकून देतात. हा लेख मोटार अपघातात जखमी झालेल्या माणसाच्या दाव्यापुरता आहे. वाघ, रानडुक्कर यांच्या हल्ल्यात जखमी झालेल्यांची मदत वन विभागाकडून येते, तिचा रस्ता वेगळा.

## आधी एवढं ठरवा: तुमचा दावा कोणत्या कलमाखाली?

पावत्या गोळा करायच्या आधी हे पाहायचं. नाहीतर मेहनत वाया जाते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून दावा केला, तरच प्रवास खर्च वेगळा मागता येतो. कलम १६४ खाली चूक सिद्ध करावी लागत नाही, पण रक्कम ठरलेली असते: गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख. तिथे तुमच्या तिकिटांना कोणी विचारत नाही. कलम १६४ खालची रक्कम रीतसर स्वीकारली की कलम १६६ चा दावा तिथेच संपतो. म्हणून विमा कंपनीचा माणूस घरी कागद घेऊन आला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

धडक देऊन गाडी पळाली आणि तिचा पत्ताच लागला नाही, तर २०२२ ची ‘हिट अँड रन’ योजना आहे. तिच्यात गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यूला दोन लाख. तीही ठरलेली रक्कम.

सावध: अपघात १ एप्रिल २०२२ नंतरचा असेल तर कलम १६६ चा अर्ज अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत टाकायचा, असं कायद्यात लिहिलं आहे. ‘पाय बरा झाला की मग पाहू’ म्हणणाऱ्यांची इथेच फसगत होते. उपचार चालू असतानाही अर्ज टाकता येतो. पुढचे खर्च मागाहून जोडता येतात.

अर्ज अपघाताच्या जागेच्याच कोर्टात टाकावा लागतो असं नाही. तुम्ही राहता त्या भागाच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही चालतो. अपघात वर्धा जिल्ह्यात झाला आणि तुमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात असेल तर हे नीट विचारून घ्या. कोर्टाच्या प्रत्येक तारखेची पायपीट वाचते.

## टप्पा १: वही, आणि तीही आजच

दोनशे पानी साधी वही घ्या. मोबाईलवर लिहू नका. मोबाईल फुटतो, बदलतो, आणि कोर्टात वही हातात देता येते. प्रत्येक फेरीला एक ओळ: तारीख, कुठून कुठे, कशाने, सोबत कोण, किती रुपये, दवाखान्यात काय झालं. शेवटचा रकाना लोक सोडून देतात, आणि खरा उपयोग त्याचाच. ‘टाके काढले’, ‘एक्सरे’, ‘डॉक्टर आले नाहीत, परत बोलावलं’ एवढंच लिहिलं तरी पुरे. डॉक्टर न भेटता झालेली फेरी हीसुद्धा खर्चाचीच फेरी.

पावसाळ्यात रस्ता बदलला तर तेही टिपून ठेवा. ‘नाल्याला पूर, फेऱ्याने गेलो, गाडीवाल्याने दोनशे जास्त घेतले.’ भामरागडकडच्या माणसाला पर्लकोटा नदीचा पूर सांगावा लागत नाही, पण दोन वर्षांनी कोर्टात उलटतपास घेणाऱ्या वकिलाला सांगावा लागतो.

अपघाताला चार महिने होऊन गेले आणि वही ठेवलीच नसेल तर? मागून बनवा, पण मागून बनवली असं त्याच वहीत लिहा: ‘दवाखान्याच्या कागदांवरून अमुक तारखेला तयार केली.’ एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेल्या चार महिन्यांच्या नोंदी ‘रोजच्या रोज लिहिल्या’ म्हणून पुढे केल्या की वहीवरचा विश्वास जातो, आणि तिच्यासोबत खऱ्या पावत्यांवरचाही.

## टप्पा २: दवाखान्याचे कागद तारखेवार लावा

लोक सुरुवात तिकिटांपासून करतात. उलटं करा. आधी दवाखान्याचे कागद. कारण प्रवास खर्चाचा सगळा दावा एका गोष्टीवर उभा असतो: प्रत्येक फेरीच्या तारखेचा दवाखान्याचा एक कागद. तिकीट नसलं तरी त्या तारखेचा केसपेपर असेल तर रक्कम मिळण्याची आशा असते. तिकीट आहे पण त्या दिवशी दवाखान्यात गेल्याचा काहीच पुरावा नाही, तर ते तिकीट लग्नाला गेल्याचंही असू शकतं.

हे कागद एका फाईलीत, जुन्यापासून नव्याकडे लावा:

- पहिल्या दवाखान्याचा केसपेपर आणि एमएलसी नंबर, म्हणजे पोलीस केस म्हणून दवाखान्यात झालेल्या नोंदीचा नंबर
- रेफर चिठ्ठी, म्हणजे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाने पुढे पाठवल्याचा कागद
- भरतीचा आणि सुट्टीचा कागद, म्हणजे डिस्चार्ज कार्ड
- ओपीडीच्या प्रत्येक फेरीचा शिक्का किंवा नोंद
- एक्सरे, रक्त तपासणी, सिटी स्कॅन यांच्या पावत्या, त्यांच्यावर तारीख असते
- फिजिओथेरपीचं कार्ड

सरकारी दवाखान्यात एकाच केसपेपरवर पुढच्या तारखा लिहिल्या जातात. तो कागद घडी घालून घालून फाटतो. पहिल्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढा, आणि दर नव्या नोंदीनंतर पुन्हा काढा. कागद हरवला तर दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करून नक्कल मागता येते, पण त्यासाठी ओपीडी नंबर किंवा भरतीचा नंबर लागतो. म्हणून ते नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

फिजिओथेरपीत सगळ्यात जास्त नुकसान होतं. महिनाभर रोज तालुक्याला गेलेला माणूस एकही सही न घेता परत येतो. कार्डावर दर दिवशी तारीख आणि सही घ्या. डॉक्टर कंटाळले तर आठवड्यातून एकदा त्या आठवड्याच्या सगळ्या तारखा एकदम लिहून मागा.

तपासा: वहीतली प्रत्येक तारीख फाईलीतल्या एका कागदाला जुळते का? न जुळणाऱ्या तारखांपुढे पेन्सिलीने फुली करा. त्या फेऱ्यांचं काय करायचं ते वकिलासोबत बसून ठरवा. गुपचूप घुसवू नका.

## टप्पा ३: प्रवासाचा पुरावा, साधनाप्रमाणे

एसटी. तिकिटावर तारीख, टप्पा, भाडं सगळं असतं. अडचण कागदाची. मशीनमधून येणाऱ्या तिकिटाची शाई उडते. खिशात घामाने, घरी उन्हाने, प्लास्टिकच्या पिशवीत तर आणखी लवकर. सहा महिन्यांनी हातात कोरी पांढरी पट्टी राहते. घरी आल्यावर त्याच आठवड्यात ए-फोर कागदावर आठ-दहा तिकिटं चिकटवून झेरॉक्स काढा आणि मोबाईलमध्ये फोटो ठेवा. चिकटवताना गोंद फक्त वरच्या कोपऱ्याला. चिकटपट्टी छापील अक्षरांवर लावू नका, तीही शाई खाते.

सवलतीचं भाडं पूर्ण लिहिण्याची चूक फार होते. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्या माणसांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं. पेशंट किंवा सोबतची बाई अर्ध्या तिकिटावर गेली असेल तर मागणीही अर्धीच. आजोबांच्या तिकिटावर शून्य रुपये असले तरी ते फेकू नका. पैसे त्यावर मिळणार नाहीत, पण त्या तारखेला तो प्रवास झाला याचा तो पक्का पुरावा आहे.

दुसरी चूक, आजचं भाडं मागच्या फेऱ्यांना लावणं. एसटीचं भाडं २५ जानेवारी २०२५ पासून सुमारे १५ टक्क्यांनी वाढलं. त्याआधीच्या फेरीला नवं भाडं लिहिलं की समोरचा वकील ते एका मिनिटात दाखवून देतो. तसंच २०२१ च्या दिवाळीपासून पुढचे कित्येक महिने एसटीचा संप होता. जुन्या अपघाताच्या दाव्यात त्या काळातल्या तारखांना एसटी लिहिण्याआधी दहादा आठवा.

काळी-पिवळी, ऑटो, मॅजिक. पावती मिळत नाही, मागितली तर ड्रायव्हर हसतो. दर फेरीची पावती आणण्याचा आटापिटा करू नका. गाव ते तालुका दर सीट किती, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वहीत लिहा, शपथपत्रात सांगा. या लहान रकमांना न्यायाधिकरण सहसा अडत नाही, फेरी सिद्ध झाली असेल तर.

भाड्याची गाडी. खरी रक्कम इथे जाते आणि खरा घोळही इथेच होतो. पावतीवर हे सगळं हवं: तारीख, गाडी नंबर, कुठून कुठे, पेशंटचं नाव, रक्कम अंकी आणि अक्षरी, गाडीवाल्याचं नाव, सही, मोबाईल नंबर. रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचं रसीद तिकीट लावून त्यावर सही. पावती त्याच दिवशी घ्या. गाडीतून उतरताना, पैसे हातावर ठेवायच्या आधी.

सहा महिन्यांनी गाडीवाल्याच्या घरी जाऊन सगळ्या पावत्या एकदम लिहून आणल्या की काय होतं? पुस्तकातल्या ४१ ते ५८ नंबरच्या पावत्या लागोपाठ तुमच्याच नावाने निघतात. पाच महिन्यांत त्या माणसाला दुसरं एकही गिऱ्हाईक नव्हतं का, असा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर नसतं. शाई एक, अक्षर एक, घडीही एकच. मी असे गठ्ठे हातात घेतलेत. त्यातल्या निम्म्या फेऱ्या शंभर टक्के खऱ्या होत्या, तरी सगळा गठ्ठा बाजूला पडला.

मग उशीर झालाच असेल तर गाडीवाल्याकडून एकच कागद घ्या, आजच्या तारखेचा: ‘अमुक अमुक तारखांना या पेशंटला इथून तिथे नेलं, एवढे पैसे रोख मिळाले.’ मागच्या तारखा टाकून पावत्या बनवण्यापेक्षा हा प्रामाणिक कागद बरा. गरज पडली तर तो साक्षीला येईल का, ते आधीच विचारून ठेवा.

पांढऱ्या पाटीची गाडी. गावात रात्री बारा वाजता पिवळ्या पाटीची गाडी शोधत कोण बसतं? शेजाऱ्याची जी उभी असेल ती काढतात. पण खासगी गाडी भाड्याने चालवणं नियमात बसत नाही, म्हणून मालक पावती द्यायला, साक्षीला यायला कचरतो. त्याला फसवून कागद लिहून घेऊ नका. फक्त डिझेल टाकलं असेल तर पंपाची पावती ठेवा आणि डिझेलचाच खर्च मागा. वर दोन पैसे दिले असतील तर जे घडलं ते वकिलाला खरं सांगा, मांडणी तो ठरवेल.

स्वतःची मोटरसायकल. येण्या-जाण्याचे किलोमीटर, गाडीचं अ‍ॅव्हरेज आणि त्या वेळचा पेट्रोलचा दर. साठ किलोमीटरच्या फेरीला सव्वा लिटरच्या आसपास. त्यापेक्षा जास्त लिहून काही पदरात पडत नाही. मात्र पायात रॉड असलेला पेशंट मोटरसायकलवर गेला असं लिहाल, तर तो चालवत होता की मागे बसला होता, हा प्रश्न येणारच.

अ‍ॅम्ब्युलन्स. १०८ मोफत आहे. तिचे पैसे मागायचे नाहीत, पण वहीत नोंद हवी, कारण प्रवासाची साखळी तिथूनच सुरू होते. खासगी अ‍ॅम्ब्युलन्सचं छापील बिल घ्या. बिलावर पेशंटचं नाव आणि दोन्ही दवाखान्यांची नावं आहेत ना, ते तिथेच उभं राहून वाचा.

फोनवरून दिलेले पैसे. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. बँकेचं स्टेटमेंट काढा. मोबाईलमधल्या नोंदींच्या प्रिंटला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील तयार करून देतात, तुम्ही आठवण करून द्या.

सावध: दोन जागी एकच पैसा मागू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत सुट्टीच्या वेळी घरी परतण्याचं एसटी किंवा रेल्वेचं भाडं मिळालं असेल तर ते वजा करा. तुम्ही कामाला असता त्या मालकाने, ग्रामपंचायतीने किंवा कोणी मदत म्हणून गाडी करून दिली असेल तर तेही वकिलाच्या कानावर घाला.

## टप्पा ४: ‘गाडी का लागली’ याचं उत्तर कागदावर आणा

समोरचा वकील फेरी नाकारत नाही, साधन नाकारतो. ‘नागपूरला एसटी जाते, मग स्पेशल गाडी कशाला?’ याला तोंडी उत्तर पुरेसं नाही. डिस्चार्जच्या वेळी किंवा पहिल्या ओपीडीला डॉक्टरांना केसपेपरवर एक ओळ लिहायला सांगा: पायावर भार देऊ नये, इतके आठवडे बसने प्रवास करू नये, आडवं झोपवून न्यावं. त्या एका ओळीने हजारोंच्या पावत्यांना आधार मिळतो. डॉक्टर घाईत असतात, म्हणून केसपेपर पुढे करतानाच विचारा. नंतर वेगळं प्रमाणपत्र मागायला गेलात तर आणखी एक फेरी पडते.

तीन प्रश्नांची तयारी ठेवा.

इथेच उपचार का नाही घेतले? उत्तर रेफर चिठ्ठीत असतं. चिठ्ठीशिवाय स्वतःच्या मनाने लांबच्या खासगी दवाखान्यात गेला असाल तर कारण सांगावं लागेल: सर्जन नव्हते, मशीन बंद होतं, तारीख लांबची मिळाली.

सोबत माणूस का? मांडीचं हाड मोडलेला माणूस एकटा जाऊ शकत नाही, हे कळतं. पण एकच माणूस. भरती असताना गावातून रोज भेटायला येणाऱ्या पाहुण्यांचं भाडं मागू नका, ते आपलं गणगोत. पेशंट लहान मूल असेल तर दोन्ही पालकांचं सांगता येतं.

मुक्काम का केला? ओपीडीची चिठ्ठी सकाळी निघते आणि गावाची पहिली गाडी दुपारी पोचते. एटापल्ली, भामरागड, धारणीकडच्या लोकांना आदल्या दिवशीच निघावं लागतं. धर्मशाळेची किंवा लॉजची पावती ठेवा आणि जेवणाचा खर्च वेगळा दाखवा. तो प्रवासात कालवू नका.

## टप्पा ५: तक्ता बनवा

आता वही, दवाखान्याची फाईल आणि तिकिटांचे कागद समोर घेऊन एकच तक्ता करायचा. रकाने: अनुक्रमांक, तारीख, कुठून कुठे, साधन, माणसं, रक्कम, प्रवासाच्या पुराव्याचा पान क्रमांक, दवाखान्याच्या कागदाचा पान क्रमांक. शेवटचे दोन रकाने म्हणजे या तक्त्याचा जीव. न्यायाधीशांना पान उलटून पाहता आलं पाहिजे.

नमुना म्हणून एक हिशोब. आकडे समजावण्यापुरते आहेत. आर्णी तालुक्यातल्या गावचा माणूस, मांडीचं हाड मोडलं. १०८ ने यवतमाळ, तिथून रेफर होऊन नागपूर मेडिकल, ऑपरेशन, सुट्टी, मग सहा फेऱ्या आणि तालुक्याला फिजिओथेरपी.

- गाव ते यवतमाळ, १०८ ने: ०
- यवतमाळ ते नागपूर, खासगी अ‍ॅम्ब्युलन्स: ४,५००
- सुट्टीनंतर घरी, भाड्याची गाडी: ३,८००
- पहिल्या दोन ओपीडी फेऱ्या, गाडीने, डॉक्टरांची ओळ आहे: ३,८०० × २ = ७,६००
- पुढच्या चार फेऱ्या एसटीने: त्याचं ३०० आणि बायकोचं अर्धं १५०, जाऊन-येऊन ९००. चार फेऱ्यांचे ३,६००
- त्याच चार फेऱ्यांत गाव ते आर्णी काळी-पिवळी आणि गणेशपेठ बसस्थानक ते मेडिकल ऑटो, फेरीला ३२०: १,२८०
- फिजिओथेरपी, २० दिवस, ऑटो जाऊन-येऊन १६०: ३,२००

एकूण २३,९८०. हा आकडा पंचवीस हजार करू नका. गोल आकडा दिसला की तो अंदाज वाटतो, आणि तेवीस हजार नऊशे ऐंशीला उत्तर द्यायला समोरच्याला पानं उलटावी लागतात.

तपासा:
- रविवार किंवा सणाच्या सुट्टीच्या तारखेला ओपीडीची फेरी लिहिली आहे का?
- पेशंट भरती होता त्या दिवसांत त्याच्या नावे प्रवास दिसतो का?
- पोलीस ठाण्याच्या, कोर्टाच्या, वकिलाकडच्या फेऱ्या यात घुसल्या आहेत का? त्या काढा, तो उपचाराचा प्रवास नाही. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डापुढे गेलात ती फेरी मात्र वेगळी लिहा आणि ती कुठे मांडायची ते वकिलाला विचारा.

## टप्पा ६: अर्जात, आणि नंतर

अर्जात प्रवास खर्च हा वेगळा मथळा असावा. ‘औषध, प्रवास व इतर खर्च दोन लाख’ असं एकत्र लिहिलं की औषधाच्या बिलांनी जेवढी रक्कम सिद्ध होते तेवढीच मिळते, प्रवास त्यात विरघळून जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात जखमी माणसाच्या भरपाईचे मथळे सांगितले आहेत. उपचार, भरती आणि औषधांच्या जोडीला वाहतूक खर्च आणि पौष्टिक आहार त्यांत आहेत. वकील नवखे असतील तर हा निकाल सुचवा, वाईट वाटून घेणार नाहीत.

आता पोलिसांच्या कागदांतूनही दावा पुढे सरकतो. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. जखमीकडून एक नमुना भरून घेतात, त्यात खर्चही विचारतात. दवाखान्यात पडल्या पडल्या ‘प्रवास खर्च: दोन हजार’ असं कोणीतरी भरून देतं आणि पुढे तेच पान तुमच्याविरुद्ध काढलं जातं. उपचार चालू आहेत, हिशोब मागाहून देऊ, असं तिथे स्पष्ट लिहा.

अर्ज टाकल्यावर झालेल्या फेऱ्यांचे कागद दस्तऐवज यादीसोबत दाखल करता येतात. साक्ष सुरू होण्याआधी ते वकिलाकडे पोचवा. मूळ कागद देताना झेरॉक्सवर वकिलाच्या कारकुनाची पोच घ्या. मूळ कागद कोणाकडे होते यावरून होणारी भांडणं मी पुष्कळ पाहिली, आणि त्यात हरतो तो पेशंटच. मागणीच्या आकड्यापेक्षा जास्त खर्च सिद्ध झाला तर न्यायाधिकरण जास्तही देऊ शकतं, पण त्या भरवशावर ढिलाई नको.

वकील लावायची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा, किंवा १५१०० वर फोन करा. बाई, लहान मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, अपंग माणूस यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

## टप्पा ७: शपथपत्र आणि उलटतपास

सरतपासाचं, म्हणजे तुमच्या स्वतःच्या साक्षीचं, शपथपत्र वकील टाईप करून आणतात आणि सही घेतात. वाचल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नसेल तर मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. शपथपत्रातली फेऱ्यांची संख्या आणि तक्त्यातली संख्या एकच हवी. तक्त्यात सात आणि शपथपत्रात ‘पंधरा-वीस वेळा’ असं असलं की पुढचं सगळं त्याभोवतीच फिरतं.

उलटतपासात ‘या पावत्या खोट्या आहेत, हे खरं आहे का?’ असं विचारतातच. ‘खोटं आहे’ एवढं उत्तर पुरे. चिडू नका, गोष्ट सांगत बसू नका. आठवत नसेल तर ‘वहीत आहे, पाहून सांगतो’ म्हणा. वही सोबत ठेवा.

मोठ्या रकमेच्या पावत्या असतील तर गाडीवाल्याची साक्ष घ्यावी का? माझं मत: एकूण गाडीभाडं पंधरा-वीस हजारांच्या वर असेल तर घ्यावी. पाच हजारांसाठी त्याचा दिवस मोडून त्याला कोर्टात उभं करण्यात अर्थ नाही. या कोर्टात पुराव्याचे नियम फौजदारी खटल्याइतके कडक नसतात, फेरी घडल्याची शक्यता जास्त दिसली तरी भागतं.

## टप्पा ८: अजून व्हायच्या फेऱ्या

रॉड काढायचा आहे, प्लेट काढायची आहे, वर्षभर दाखवायचं आहे. हा प्रवास निकालानंतर होणार आणि निकाल एकदाच लागतो. म्हणून डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात नुसतं ‘पुढील उपचार आवश्यक’ असं नको. कोणतं ऑपरेशन, साधारण केव्हा, किती दिवस भरती, नंतर किती वेळा दाखवायचं, हे सगळं हवं. त्या संख्येला आताच्या फेरीचा खर्च लावून वेगळी रक्कम मागा. उपचार करणारे डॉक्टर साक्षीला आले तर त्यांना हाच प्रश्न विचारायला वकिलाला सांगून ठेवा. गडबडीत अपंगत्वाच्या टक्क्यांवरच सगळी साक्ष संपून जाते.

## लोक अदालतीत तडजोड करताना

विमा कंपनी एक गोल रक्कम सांगते. तक्ता खिशात असू द्या. मांडवलीत प्रवास खर्च पहिल्यांदा गळतो, कारण तो बोलून दाखवायला कोणी धजत नाही. पुढच्या फेऱ्यांचे पैसे धरले का, हे सही करण्याआधी तोंडाने विचारा. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

निकाल न्यायाधिकरणाचा असेल तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात ९० दिवसांत अपील करता येतं, पण वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर नाही. नुसत्या प्रवास खर्चाची कपात सहसा एवढी मोठी नसते, म्हणजे तिच्यासाठी वर जायची सोयच नाही. निकालाची नक्कल मिळताच व्याज कोणत्या तारखेपासून धरलं ते पाहा. ते साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून लागतं. आणि वही रद्दीत घालू नका, रॉड काढायला जाल तेव्हा डॉक्टर जुना ओपीडी नंबरच विचारतील.